बिडकीन ते युरोप : स्वस्त तिकिटाचं गणित

मित्रहो, एस.टी.चं एक बरं असतं. बिडकीनहून पैठणला जा नाहीतर संभाजीनगरला, सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्याला ठरलेलं भाडं. गाडीत तुम्ही एकटे असा की दांडीला लोंबकळत असा, सवलतवाले सोडले तर कंडक्टर सगळ्यांकडून तेवढेच पैसे घेतो. विमानाचं मात्र तसं नाही. एकाच रांगेत शेजारी बसलेले दोघं तोच चहा पितात, त्याच वेळी उतरतात, आणि एकानं दुसऱ्याच्या दुप्पट पैसे मोजलेले असतात. हे असं का होतं, आणि आपण त्या दोघांपैकी स्वस्तवाला कसं व्हायचं, हा या लेखाचा विषय.

विषय मला सुचला नाही, घरातून आला. माझी ताई जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करते. तीन वर्षं तिला गावी येता आलं नव्हतं. २०२४ मध्ये ठरलं की या वर्षी आई-बाबांनीच तीन आठवडे तिच्याकडे जायचं. पैठण तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. बाबांनी सरळ सांगितलं, "दोघांच्या जाण्या-येण्याच्या तिकिटाला सव्वा लाख. त्याच्या वर एक रुपया नाही. तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग तूच शोध." आता पोरगा इंजिनिअरिंगला आहे म्हणजे त्याला पंख्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं येतं, ही घरच्यांची समजूत तुम्हालाही ठाऊक असेलच. मी कामाला लागलो. त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते इथे मांडतो. परीक्षेला येणार नाही, पण कधीतरी उपयोगी पडेल.

सीट म्हणजे मोसंबी

आधी विमान कंपनीच्या जागी बसून पाहू. विमानातली सीट हा नाशवंत माल आहे. विमान उडालं की रिकामी सीट गेली. उद्या ती विकता येत नाही. आपल्याकडचे बागवाले हे चटकन समजतील. फळ लहान असतानाच व्यापारी येतो आणि अख्खी बाग उक्ती मागतो. भाव कमी, पण पैसा नक्की. थांबलो तर भाव वाढेल, किंवा फळगळ होऊन हाती काहीच लागणार नाही. बागवाला काय करतो? थोडी बाग आधी देऊन टाकतो, थोडी राखून ठेवतो.

विमान कंपनी हेच करते. लवकर येणारा प्रवासी बहुधा सुट्टीवर निघालेला असतो. त्याला भाव परवडला तरच तो येतो, नाहीतर तारीख बदलतो किंवा जातच नाही. ऐनवेळी येणारा बहुधा कंपनीच्या कामाचा किंवा घरच्या अडचणीचा माणूस. त्याला जायचंच असतं, म्हणून तो जास्त पैसे देतो. प्रश्न एवढाच की या दुसऱ्या माणसासाठी किती सीटा राखायच्या.

या प्रश्नाचं उत्तर १९७२ साली केन लिटलवुड या माणसानं मांडलं. तो ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन या विमान कंपनीत गणिताचं काम करत होता. त्याचा नियम एका ओळीत मावतो : स्वस्त भाडं हे 'महाग भाडं गुणिले महाग गिऱ्हाईक येण्याची शक्यता' यापेक्षा जास्त असेल, तोवर सीट स्वस्तात विकावी, कमी पडलं की विक्री थांबवावी.

उदाहरण घेऊ. आकडे गणितासाठी धरलेले आहेत. मुंबई-फ्रँकफर्ट विमानात इकॉनॉमीच्या २५० सीटा. स्वस्त भाडं २५,०००, महाग भाडं ६०,०००. २५ भागिले ६० म्हणजे ०.४१७. महाग तिकीट घेणारे सरासरी ८० येतात, स्टँडर्ड डेव्हिएशन २०, वितरण नॉर्मल. मॅथ्सच्या पेपरला पाठ केलेला तक्ता काढा : ०.४१७ शक्यतेला झेडची किंमत साधारण ०.२१ येते. म्हणून राखायच्या सीटा ८० + २० × ०.२१, म्हणजे ८४. उरलेल्या १६६ सीटा स्वस्तात. एकशेसदुसष्टावा माणूस आला की त्याला भाव ६०,००० दिसतो. विमानात अजून ८४ सीटा रिकाम्या आहेत, तरी!

आता तेच विमान गर्दीच्या मोसमात घ्या. महाग गिऱ्हाईक सरासरी १४०, डेव्हिएशन ३०. राखायच्या सीटा झाल्या १४६, स्वस्त उरल्या १०४. विमान तेच, इंधन तेच, अंतरही तेच. बदलला तो कंपनीचा पुढच्या गिऱ्हाइकाबद्दलचा अंदाज. सगळी मेख इथे आहे. तिकिटाचा भाव म्हणजे तुमच्यानंतर कोण येईल याचा कंपनीनं बांधलेला अंदाज.

प्रत्यक्षात दोनच भाव नसतात. इंग्रजी मुळाक्षरांची नावं दिलेले दहा-पंधरा वर्ग असतात. 'वाय' हे अक्षर सहसा पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीचं. १९८५ साली अमेरिकन एअरलाइन्सनं अशा संगणकी गणिताच्या जोरावर पीपल एक्सप्रेस या स्वस्त कंपनीला टक्कर दिली, आणि १९८७ पर्यंत पीपल एक्सप्रेसचं नाव पुसलं गेलं. त्याच वर्षी एम.आय.टी.च्या पीटर बेलोबाबानं अनेक वर्गांसाठीची पद्धत आपल्या प्रबंधात मांडली. त्याआधीच्या काळात हा खेळच नव्हता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं तेव्हा आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांच्या संघटनेत बसून ठरायची, एस.टी.च्या टप्प्यासारखी.

या गणितातून एक छोटी युक्ती निघते. स्वस्त वर्गात एकच सीट उरली असेल आणि तुम्ही दोन तिकिटं एकदम शोधलीत, तर सहसा दोन्ही वरच्या वर्गाच्या भावानं दिसतात. म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी. दरडोई भावात फरक पडला तर कारण हे. मग दोन वेगळी बुकिंग करून कंपनीला फोनवर ती जोडायला सांगता येतात.

आखातमार्गे जाणं म्हणजे वळसा?

बाबांचा पहिला प्रश्न होता, "सरळ जाण्यापेक्षा दुबईवरून जाणं स्वस्त कसं? लांब पडत असेल ना?" मी अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचं अंतर काढलं. मुंबई-फ्रँकफर्ट सरळ सुमारे ६,५७० किलोमीटर. मुंबई-दुबई १,९३०, दुबई-फ्रँकफर्ट ४,८४०, एकूण ६,७७०. म्हणजे फरक दोनशे किलोमीटरचा, तीन टक्के! भिंतीवरच्या सपाट नकाशात युरोप वायव्येला तिरपा दिसतो, पण गोलावर आखात जवळजवळ वाटेतच आहे. करून बघा, कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

मग थेट विमान महाग का? कारण वेळ वाचवण्याची किंमत देणारी माणसं त्यात बसतात. मधला थांबा असलेल्या विमानात पन्नास गावांची माणसं पन्नास गावांना निघालेली असतात, आणि तिथे स्पर्धाही जास्त. दुबई, दोहा, अबुधाबी, इस्तंबूल, सगळे तुम्हालाच बोलावतात.

पण एक अट सोन्याची. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पी.एन.आर.वर हवा. मुंबई-दुबई एका कंपनीचं आणि दुबई-फ्रँकफर्ट दुसऱ्याचं असं स्वतः जोडून घेतलं, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही, पैसेही देत नाही. बॅगही मध्ये उतरवून पुन्हा चेक-इन करावी लागते, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. २३ जून २०२५ ला आखाती देशांचं आकाश काही तास बंद झालं, तेव्हा हजारो प्रवासी वाटेत अडकले. अशा वेळी एका तिकिटावरच्या माणसाला पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर असते. तुकड्या-तुकड्यांचं तिकीट घेतलेला माणूस स्वतःच्या खिशावर असतो. त्या भागात तणाव वाढला की हा मार्ग अडतो, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या आठवड्याच्या बातम्या जरूर वाचा. लंडनमार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, तेही आधी पाहा.

घरापासून घरापर्यंत

संकेतस्थळावरचा आकडा मुंबईपासून मोजलेला असतो. आपण राहतो बिडकीनला. चिकलठाण्याच्या विमानतळावरून देशांतर्गत विमानं मिळतात, युरोपला जायला मोठं शहर गाठावंच लागतं. म्हणून मी वहीत दोन रकाने केले. समजा (हेही धरलेले आकडे) एक तिकीट ४६,००० ला आहे आणि एक ५२,००० ला. पहिलंच घेणार ना? आता बेरीज करा. पहिल्यात फक्त सात किलोची हातातली बॅग. मोठ्या बॅगेचे जाता-येता ६,०००. परत येताना ते रात्री अकराला मुंबईत उतरतं, म्हणजे विमानतळाजवळ मुक्काम, आणखी २,५००. झाले ५४,५००. दुसऱ्यात बॅग धरलेली आहे आणि ते सकाळी उतरतं. स्वस्त कुठलं?

मुंबईपर्यंतचं आपलं वेळापत्रकही जुळायला हवं. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. देवगिरी एक्सप्रेस सकाळी पोचवते, म्हणजे विमानतळावर दिवसभर ताटकळणं. तपोवन रात्री पोचते. गाडी लेट झाली तर जीव टांगणीला. वंदे भारत (३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झाली, २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली) दुपारी मुंबईत आणते, ती मध्यरात्रीच्या विमानाला सोयीची. ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची भुयारी मेट्रो सी.एस.एम.टी.पासून थेट सहारच्या टर्मिनल दोनपर्यंत जाते, त्यामुळे टॅक्सीचाही प्रश्न सुटला.

आणि एक नेहमीचा सापळा. तिकिटावर '१५ तारीख, ०१.३०' असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोचायचं आहे. आपल्या बोलण्यात ती 'चौदाची रात्र' असते, तिकिटावर पंधरा. आई-वडिलांना सांगताना वार, रात्र आणि 'जेवण करून निघायचं' असं सगळं मिळून सांगा.

आधी व्हिसा की आधी तिकीट?

हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न आहे. युरोपातल्या २९ देशांचा मिळून एक शेंगेन व्हिसा असतो (ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत). त्याच्या अर्जाला प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं. पण आरक्षण म्हणजे पूर्ण पैसे भरलेलं, परत न मिळणारं तिकीट नव्हे. व्हिसा नाकारला गेला तर असं तिकीट गेलंच. कायद्याप्रमाणे विमानतळ शुल्कासारखे कर परत मिळतात, मूळ भाडं मिळत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, काही वेळा पंचेचाळीसपर्यंत. ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत येत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर तीन महिने चालणारा हवा. म्हणून क्रम असा : पासपोर्ट, तारखा, व्हिसाची अपॉइंटमेंट, व्हिसा, आणि मग पैसे भरून तिकीट. पहिल्या तीन गोष्टी जितक्या लवकर, तितकं शेवटची स्वस्त मिळण्याची शक्यता जास्त. तिकिटाची बचत खरी तिथे होते; मंगळवारी मध्यरात्री शोधलं की स्वस्त मिळतं वगैरे हॉस्टेलवरच्या दंतकथा आहेत. मी वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या मोबाईलवर, लपूनछपून खिडकी उघडूनही पाहिलं. भाव बदलायचा तेव्हा सगळीकडे एकदमच बदलायचा.

आमच्या घरचा हिशेब

ताईनं पहिल्यांदा ऑगस्ट सुचवला. हवा छान असते म्हणाली. भाव दिसला माणशी ७८,०००. म्हणजे दोघांचे एक लाख छप्पन्न हजार, बाबांच्या आकड्याच्या कितीतरी वर. कारण उघड होतं. तिच्या राज्यात शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि अख्खा युरोप तेव्हा हिंडायला बाहेर पडलेला असतो.

मग मी महिनाभराचे भाव एकदम दाखवणारं कॅलेंडर उघडलं आणि विचार केला, गर्दी कोणत्या दिशेला वाहते? दिवाळीच्या आधी परदेशातली आपली माणसं इकडे येतात आणि दिवाळी झाल्यावर परत जातात. आई-बाबा उलट गेले तर? दिवाळीआधी तिकडे, दिवाळीनंतर इकडे. २०२४ ला दसरा १२ ऑक्टोबरला होता, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. १५ ऑक्टोबरला निघून ५ नोव्हेंबरला परत, दोन्ही मंगळवार. आईचे घट घरीच उठणार होते. तोवर बागेतला आंबेबहारही विकून झालेला असणार होता. ताईची तीन वर्षांनंतरची दिवाळी आई-बाबांसोबत होणार होती. भाव : थेट विमान माणशी ६७,०००, एका थांब्याचं ५६,४००.

थेटचे दोघांचे १,३४,०००, बसत नव्हतं. एका थांब्याचे १,१२,८००, बसत होतं. पण इथे गणित थांबतं आणि माणसं सुरू होतात. आई-बाबा दोघंही कधी विमानात बसलेले नव्हते. आईचे गुडघे दुखतात. परक्या विमानतळावर गेट शोधत फिरणं त्यांना जमेल का? ताई म्हणाली, वरचे एकवीस हजार मी घालते. बाबा म्हणाले, लेकीच्या पैशानं लेकीकडे जायचं नाही. दोन दिवस घरात यावर बोलणं चाललं.

तोडगा आईनं काढला. ती म्हणाली, "मला चालायचं नाही एवढंच ना? मग चालवू नका." विमान कंपन्या आधी सांगितलं तर व्हीलचेअर आणि सोबतीला माणूस देतात, त्याचे पैसे लागत नाहीत. ती नोंद तिकिटाबरोबरच केली. थांबा मुद्दाम साडेतीन तासांचा निवडला. दीड तासाचा मिळत होता, पण त्यात धावपळ, आणि नऊ तासांचा जरा स्वस्त होता, पण त्यात हाल. मी एका कागदावर मराठीत पायऱ्या लिहून दिल्या : कुठे उतरायचं, 'ट्रान्सफर' हा शब्द इंग्रजीत कसा दिसतो, बॅग मध्ये घ्यायची नाही, गेटचा नंबर बोर्डिंग पासवर कुठे असतो. तो कागद बाबांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. व्हिसा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. उरलेल्या बारा हजार दोनशेंत विमा आणि मुंबईचं जाणं-येणं बसलं. भाऊबीज मात्र मी व्हिडिओ कॉलवर केली, ओवाळणी ताईनं पुढच्या भेटीवर उधार ठेवली आहे.

थोडक्यात उजळणी

तर मित्रहो, सबमिशनच्या आदल्या रात्रीसाठी असते तशी ही उजळणी.

१. तारीख, शहर आणि थांबा, यातलं काय सोडता येतं ते आधी ठरवा. एक तरी सोडल्याशिवाय भाव उतरत नाही. फ्रँकफर्टबरोबर म्युनिक, झ्युरिकही शोधा; पुढे रेल्वे आहे. काही कंपन्या जर्मन रेल्वेचा प्रवास विमानाच्या तिकिटातच जोडून देतात.

२. महिन्याचं कॅलेंडर पाहा, दिवस पाहू नका. इकडची आणि तिकडची, दोन्हीकडच्या शाळांच्या सुट्ट्या माहीत हव्यात.

३. फिरायला जाणार असाल तर एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतीचं तिकीट शोधा. रोमला उतरून पॅरिसहून निघालात तर मागे फिरण्याचा खर्च आणि दिवस दोन्ही वाचतात.

४. शोधा कुठेही, पण पैसे भरण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तेच तिकीट पाहा. काही कंपन्या विद्यार्थ्यांना सवलत आणि जादा बॅगेज देतात, कॉलेजचं ओळखपत्र जवळ असू द्या.

५. शेवटी घरापासून घरापर्यंत बेरीज करा. बॅग, मुक्काम, गाडी, जेवण आणि आईचे गुडघे, सगळं त्या बेरजेत येतं.

आपल्या हॉस्टेलवरच्या कितीतरी जणांची भावंडं आज बाहेर आहेत. आपणही उद्या कुठे असू कोण जाणे. शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून आहे, बिडकीनच्या नव्या औद्योगिक पट्ट्यात नवनवे कारखाने येताहेत, आणि तिथून परदेशी जाणारी माणसं वाढणार आहेत. पण नोकरी करणाऱ्याचं तिकीट त्याची कंपनी काढते. गावाकडच्या आई-बापांचं कोण काढणार? आपल्या मागच्या पिढीजवळ पैसा थोडा असतो, पण सवड असते. आणि विमान कंपनी ज्या एका गोष्टीसाठी भाव उतरवते, ती सवडच आहे. ही सवड कुठल्या तारखांना खपते ते शोधून देणं आपलं काम. तेवढं तर इंजिनिअरिंगला असलेल्या पोरानं केलंच पाहिजे, नाही का?

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी